नळाचा वायसर आणि पाच वॅट

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या बिनतारी संचावरून जगभरच्या इतर परवानाधारकांशी बोलण्याचा छंद आहे. मध्ये मोबाइल कंपनी नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. या घरावर ताणलेली एक तार, त्या घरावर ताणलेली दुसरी तार आणि दोन्हींवरचे आकाश, एवढाच संसार. या छंदाची एक शाखा मुद्दाम कमी शक्तीवर काम करते. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेल्या सांकेतिक बोलीत 'क्यूआरपी' म्हणजे 'शक्ती कमी करा'. त्यावरूनच या शाखेलाही क्यूआरपी म्हणतात. मोर्ससाठी 5 वॅट आणि बोलण्यासाठी 10 वॅट ही तिची सर्वमान्य मर्यादा. घरातला साधा एलईडी दिवा 9 वॅटचा असतो. तेवढ्या शक्तीत हैदराबादच्या गच्चीवरून जपान किंवा इटली गाठता येते, आणि या मंडळींच्या लेखी ती बढाई मारण्यासारखी गोष्टही नाही. या शाखेच्या जागतिक नकाशावर हैदराबादचे नाव ठळक आहे, कारण तिचा एक अतिशय लोकप्रिय संच याच शहरात जन्मला.

भारतात हा परवाना केंद्रीय दळणवळण मंत्रालयाचा बिनतारी नियोजन आणि समन्वय विभाग देतो. हॅम त्याला नुसते 'डब्ल्यूपीसी' म्हणतात. मूळ नियम 1978 चे. पुढे त्यांत दुरुस्त्या होऊन परवान्याच्या दोनच श्रेणी उरल्या. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीची बोलावणी-खूण, म्हणजे कॉलसाइन, 'व्हीयू3' ने सुरू होते आणि लघुलहरींवर तिला 50 वॅटची मर्यादा असते. 'जनरल' श्रेणीला 'व्हीयू2' आणि 400 वॅट. मात्र तिच्यासाठी मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावे लागते. वयाची 12 वर्षे पूर्ण झाली की परीक्षेला बसता येते. परीक्षेत थोडे इलेक्ट्रॉनिक्स आणि बरेचसे नियम असतात: धंद्याचे बोलायचे नाही, गुप्त भाषा वापरायची नाही, तिसऱ्याचा निरोप पोहोचवायचा नाही (आपत्तीची गोष्ट वेगळी), प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायची. म्हणजे 5 वॅटवर काम करणारा माणूस नवशिक्याला मिळालेल्या हक्काचाही जेमतेम दहावा भाग वापरत असतो.

हैदराबादमध्ये ही परीक्षा देणाऱ्यांच्या तयारीचे मोठे ठिकाण म्हणजे सोमाजीगुड्यातील 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ'. 1983 साली ही संस्था स्थापन झाली. भारतात हॅम क्लब बरेच आहेत, पण ते बहुतेक मित्रमंडळींच्या बळावर चालतात; प्रशिक्षण आणि आपत्तीकाळातील संपर्क यांसाठी एवढी बांधीव संस्था या शहरात उभी राहिली हे विशेष. त्या काळी अडचण परवान्याची कमी आणि संचाची जास्त होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले संच दुरुस्त करून कित्येकांनी वर्षानुवर्षे काम भागवले. परदेशी संचावर जबर आयातशुल्क होते. स्वतः हॅम असलेल्या राजीव गांधींच्या सरकारने 1984 मध्ये बिनतारी उपकरणांना या शुल्कातून सूट दिली, त्याने थोडे सुसह्य झाले. तरी आजही नवा जपानी संच घ्यायचा तर आकडा लाखाच्या घरात जातो. कमी शक्तीच्या छंदाकडे भारतीय माणूस वळला तो आधी खिशाकडे पाहून. तत्त्वज्ञान मागाहून आले.

पण खिसा बाजूला ठेवला तरी गणित कमी शक्तीच्याच बाजूचे निघते. बाजारातला सर्वसाधारण संच 100 वॅटचा. त्यावरून 5 वॅटवर उतरले की शक्ती विसाव्या हिश्शावर येते. हे ऐकून वाटते, आवाजही विसाव्या हिश्शाने ऐकू येत असेल. तसे होत नाही. रेडिओत सिग्नलचा जोर डेसिबलमध्ये मोजतात, आणि डेसिबलचा हिशेब गुणाकाराचा असतो. वीसपट घट म्हणजे 13 डेसिबल. संचावर सिग्नलची ताकद दाखवणारा 'एस-मीटर' असतो. त्यावरची एक पायरी 6 डेसिबलची. म्हणजे 100 वॅटवर जिथे काटा 9 वर जात होता तिथे 5 वॅटवर तो 7 च्या किंचित खाली थांबतो. मध्यरात्री, शांत पट्ट्यावर, सातचा सिग्नल शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा येतो. फरक पडतो तो गर्दीत आणि गोंगाटात. वीसपट शक्ती खर्चून जे मिळते ते या दोन-सव्वादोन पायऱ्या, एवढे लक्षात आले की क्यूआरपीवाल्यांच्या चेहऱ्यावरच्या समाधानाचा उलगडा होतो. उलट चांगली तार, ती योग्य उंचीवर आणि योग्य वेळ साधून, एवढ्याने त्याहून जास्त पायऱ्या चढता येतात, आणि तारेचा किलोचा भाव सगळ्यांना परवडतो.

हैदराबादचा तो प्रसिद्ध संच म्हणजे 'बिटएक्स'. अश्हर फरहान, कॉलसाइन 'व्हीयू2ईएसई', यांनी 2003 च्या सुमारास त्याची पहिली आवृत्ती रचली आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. ती 14 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 20 मीटरच्या पट्ट्यावर चालत असे आणि सुमारे 6 वॅट देत असे. आराखड्यासोबतच्या लेखात त्यांनी भारतीय हॅमची अडचण सरळ मांडली होती: परवाना आहे, बोलायची इच्छा आहे, परवडणारा संच नाही. म्हणून या संचात एकही सुटा भाग असा नसावा जो साध्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणार नाही, अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली.

त्या अटीतूनच नळाचा वायसर आला. रेडिओच्या संचात तारेची वेटोळी लागतात. ती सहसा 'टोरॉइड' नावाच्या, लोहचूर्ण दाबून केलेल्या कड्यांवर गुंडाळतात. अमेरिकेत ही कडी टपालाने मागवता येतात. भारतात त्या काळी ती मिळवणे म्हणजे कोणी परदेशातून येणारा गाठणे. फरहान यांनी वेटोळ्यांसाठी नळाचे वायसर सुचवले. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे, मधे भोक असलेले कडे. त्यावर मोटर वाइंडिंगची इनॅमल चढवलेली तार हाताने गुंडाळायची. काम दिसते सोपे, पण पहिल्यांदा करणाऱ्याची बोटे दुखतात. तार भोकातून ओढून घ्यायची, बाहेरून वळवायची, पुन्हा भोकात घालायची. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला चिकटून, पण त्याच्यावर चढू न देता. मोजताना भोकातून गेलेले फेरे मोजायचे, बाहेरून दिसणारे नव्हे. एक फेरा चुकला की संच भलत्याच ठिकाणी बोलू लागतो. शेवटी तारेच्या टोकांवरचे इनॅमल ब्लेडने खरवडून तांबे लखलखीत करायचे, तरच सोल्डर धरतो. न चाललेल्या घरगुती संचांपैकी किती नुसत्या न खरवडलेल्या टोकांमुळे मुके राहिले असतील, हे त्यांच्या कर्त्यांनाच ठाऊक.

नावातला 'बि' म्हणजे इंग्रजी 'बाय', दोन्ही बाजूंनी. ऐकणे आणि बोलणे ही कामे परस्परांच्या उलट असतात. ऐकताना अँटेनावरचा अतिक्षीण सिग्नल वाढवत, गाळत कानापर्यंत आणायचा. बोलताना आवाज गाळत, वाढवत अँटेनापर्यंत न्यायचा. नेहमीच्या संचात या दोन वाटांसाठी बरेचसे वेगळे भाग लागतात. बिटएक्समध्ये वर्धक असे रचले आहेत की वीज एका बाजूने दिली तर सिग्नल डावीकडून उजवीकडे जातो आणि दुसऱ्या बाजूने दिली तर उजवीकडून डावीकडे. एकेरी रुळावरून सकाळी गाडी जाते आणि संध्याकाळी तीच परत येते, तसे. मधल्या स्टेशनावर बसवलेली गाळणी संगणकात वापरतात त्या स्वस्त 10 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची असते. ती आवाजाच्या दोन जुळ्या पट्ट्यांपैकी एकच पुढे सोडते, म्हणून सगळी शक्ती त्या एका पट्टीवर खर्च होते. या एकपट्टी पद्धतीला 'एसएसबी' म्हणतात. शेवटच्या टप्प्यात अँटेनाला शक्ती पुरवणारा ट्रान्झिस्टर 'आयआरएफ510' हा. तो रेडिओसाठी बनलेलाच नव्हे, वीज चालू-बंद करण्याच्या कामाचा. पण पाच-सात वॅटपर्यंत मुकाट ओझे वाहतो आणि मेला तर दुसरा आणायला फारसे पैसे लागत नाहीत.

नवशिका तो मारतोच. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण दाबले की शक्तीला जायला वाट उरत नाही. हैदराबादमध्ये मग फेरी निघते कोटीकडे. तिथल्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने आहेत; रेझिस्टर, कपॅसिटर, क्रिस्टल, ट्रान्झिस्टर मागावे तसे काढून देतात. जवळच सुलतान बाजार आणि बडी चावडी. या भागात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबे राहत आली आहेत, आणि शतक ओलांडलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्थाही याच परिसरातली. तेव्हा या गल्लीत 'आयआरएफ पाचशेदहा आहे का' हे तेलुगू, दख्खनी किंवा मराठी, कोणत्याही भाषेत विचारता येते.

आराखडा खुला असल्याने तो भारताबाहेर पसरला. वेगवेगळ्या देशांतल्या हॅमनी त्यावर आपापले बदल केले. फरहान स्वतः मान्य करतात की त्यांच्यावर अमेरिकन अभियंते वेस हेवर्ड यांच्या लिखाणाचा मोठा ठसा आहे. म्हणजे विद्या एका दिशेने आली आणि संच दुसऱ्या दिशेने गेला, बिटएक्सला साजेसेच. 2016 मध्ये 40 मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे 7 वॅटचा 'बिटएक्स40' जोडलेल्या सर्किट बोर्डाच्या रूपात विक्रीला आला. 2017 च्या अखेरीस 3 ते 30 मेगाहर्ट्झ असा सगळा लघुलहरींचा टापू व्यापणारा 'मायक्रोबिटएक्स' निघाला. फरहान यांच्या 'एचएफ सिग्नल्स' या हैदराबादच्या उद्योगासाठी ही वेटोळी गुंडाळण्याचे आणि जुळणीचे काम महिलांचा एक गट करत आला आहे. जगभरच्या कार्यशाळांत पोहोचलेल्या त्या हिरव्या बोर्डांवरची तांब्याची कडी अशी या शहरातल्या हातांनी भरलेली असतात.

बंजारा हिल्समधले 'लामकान' हे खुले सांस्कृतिक केंद्र फरहान यांनीच इतरांसह 2010 मध्ये सुरू केले. तिथे नाटक, गाणे, चर्चा, चहा आणि खिचडी यांच्या जोडीने हॅम मंडळींचे मेळावेही भरत आले आहेत. लामकान म्हणजे ज्याला घर नाही असा. बिनतारी संदेशासाठी याहून चांगला पत्ता शोधूनही सापडला नसता.

कमी शक्तीच्या हॅमचा दिवस घड्याळापेक्षा सूर्यावर चालतो. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. तरी त्या क्षितिजापलीकडे पोहोचतात, कारण सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतभारित कणांचा थर तयार होतो आणि तो लहरींना वळवून खाली परत पाठवतो. याला आयनांबर म्हणतात. परतवण्याचे काम मुख्यतः 250 ते 400 किलोमीटर उंचीवरचा थर करतो. त्याच्या बराच खाली, दिवसा तयार होणारा आणखी एक थर असतो, तो मात्र कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा शोषणारा थर विरतो आणि वरचा परतवणारा टिकून राहतो. म्हणून 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे 40 मीटरच्या पट्ट्यावर, दिवसा बोलणे काही शेकडा किलोमीटरचे होते आणि रात्री ते हजारोंवर जाते.

सकाळचा 7 मेगाहर्ट्झ म्हणून देशी गप्पांचा पट्टा आहे. हैदराबादहून नागपूर, पुणे, बेंगळुरू ही शहरे चार-पाचशे किलोमीटरवर आणि मुंबई सहाशेच्या थोडी पुढे. सगळी या पट्ट्याच्या सकाळच्या पल्ल्यात बसतात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर जमणाऱ्या या बैठकांना 'नेट' म्हणतात; हैदराबादच्या नावाने ओळखली जाणारी 'चारमिनार नेट' त्यांपैकीच. एक जण सूत्रसंचालन करतो, एकेकाला नावाने नव्हे तर कॉलसाइनने बोलावतो. त्याने 'आणखी कोणी आहे का' असे विचारून बटण सोडले की दोन-तीन सेकंदांची शांतता पडते. 5 वॅटवाल्याची संधी ती. पन्नास-शंभर वॅटचे दोन जण एकदम बोलले तर तो त्यांच्याखाली दबतो. म्हणून तो क्षणभर थांबतो, त्यांचे आटोपू देतो आणि मग आपल्या कॉलसाइनचे शेवटचे एकच अक्षर स्पष्ट म्हणतो. पूर्ण खूण घाईने सांगण्यापेक्षा एक अक्षर चपखल वेळी टाकले तर ते हमखास पकडले जाते. सूत्रसंचालक ते उचलतो, 'तुमचा सिग्नल पाच-सात, शक्ती किती?' विचारतो. उत्तर ऐकून कुणीतरी मध्येच शाबासकी देतो. मग बॅटरी कोणती, तार किती उंचीवर, पाऊस पडला का, अशी विचारपूस होते आणि '73' म्हणून निरोप. 73 हा तारबाबूंच्या काळचा आकडा, अर्थ 'सस्नेह'.

तार म्हणजे बहुधा मधोमध तोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, डायपोल. तिच्या लांबीचे सूत्र हॅमना पाठ असते: 143 ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये उत्तर येते. 7.1 मेगाहर्ट्झसाठी ते 20 मीटरच्या आसपास येते. शहरी गच्ची तेवढी लांब क्वचितच असते, म्हणून मध्यभाग बांबूवर किंवा जुन्या टीव्ही अँटेनाच्या पाइपावर चढवून दोन्ही टोके उतरती बांधतात. आकार उलट्या व्ही अक्षराचा. खरा प्रश्न तारेपेक्षा सोसायटीचा असतो. कोणाला ती टॉवर वाटते, कोणाला किरणोत्सर्ग आठवतो. 5 वॅटचा संच दाखवून, शेजाऱ्याच्या वायफायशेजारी ठेवून समजूत घालणे सोपे जाते, हा कमी शक्तीचा एक अघोषित फायदा. संक्रांतीला हैदराबादचे आकाश पतंगांनी भरते. त्या आठवड्यात गच्चीवरच्या तारेला पतंगांचे सांगाडे लटकतात आणि गुंतलेला मांजा सोडवता सोडवता तारही सैल होते. शहाणी मंडळी चार दिवस ती उतरवूनच ठेवतात. मे महिन्यात वळवाची गडगडाटी वादळे सुरू झाली की 7 मेगाहर्ट्झवर विजांचे कडकड आवाज भरतात. तेव्हा तार संचापासून काढून ठेवणे हाच शहाणपणा.

विजांपेक्षा चिवट शत्रू मात्र घरातच असतो. एलईडी दिव्यांचे स्वस्त चालक, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सौरपट्ट्यांची यंत्रणा, या सगळ्यांतून लघुलहरींवर सतत घरघर उमटते. शक्ती वाढवून ती जात नाही, कारण अडचण ऐकण्याची आहे. बॅटरीवर चालणारा संच असला की शोध घेता येतो: घराचा मुख्य स्विच बंद करायचा, अंधारात हेडफोन लावून बसायचे. घरघर थांबली तर गुन्हेगार घरातलाच. मग एकेक स्विच चालू करत जायचे. कधी तो पाहुण्यांच्या खोलीतला विसरलेला चार्जर निघतो, कधी देवघरातली चिनी माळ. माळ काढायची की नाही, हा नंतर घरात सोडवायचा प्रश्न.

बॅटरीही साधी असते: यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची. ऐकताना असा छोटा संच सुमारे पाव अँपिअरच्या आत भागवतो, बोलताना दीड-दोन अँपिअर घेतो. हॅमचा बराच वेळ ऐकण्यातच जात असल्याने एका भरणीत दिवस निघतो. संध्याकाळी अनंतगिरीसारख्या टेकडीवर, शहराच्या घरघरीपासून दूर, पिशवीत संच आणि झाडाला बांधायची तार घेऊन जाणारे हौशी त्यामुळेच जड जनित्राच्या भानगडीत पडत नाहीत. विकाराबादजवळच्या या डोंगररांगेतच मुसी नदी उगम पावते. तिथे ऐकू येणारी शांतता, म्हणजे रेडिओतली शांतता, शहरातून गेलेल्याला पहिल्यांदा संच बिघडल्यासारखी वाटते.

दूरच्या संपर्कांसाठी 14, 21 आणि 28 मेगाहर्ट्झचे पट्टे. यांत हैदराबादला भूगोलाची साथ आहे आणि भूगोलाची अडचणही. विषुववृत्ताच्या बाजूला सरकलेल्या प्रदेशांवर आयनांबर अधिक दाट असते, त्यामुळे वरचे पट्टे इथून उत्तर युरोपच्या मानाने अधिक वेळ खुले सापडतात. सूर्यावरच्या डागांचे चक्र सुमारे 11 वर्षांचे. डाग वाढले की 28 मेगाहर्ट्झ दुपारभर जागा असतो आणि 5 वॅटही भरपूर वाटतात. डाग ओसरले की तो पट्टा महिनोन् महिने रिकामा खरखरतो. आग्नेय आशिया, जपान, आखात, दक्षिण युरोप या दिशा सोप्या. अमेरिका अवघड, कारण हैदराबादहून तिकडचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या आसपासून जातो, आणि तिथले आयनांबर सौरवादळात लहरी गिळून टाकते. नकाशावर सरळ पश्चिमेला वाटणारी अमेरिका हॅमसाठी जवळपास उत्तरेला असते. अँटेना फिरवताना नवख्याला हे पटायला वेळ लागतो.

अशा अवघड वाटांवर कमी शक्तीवाले मोर्सकडे वळतात. भारतात तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण कट्ट-कडकट्टची ही भाषा हॅमच्या खोलीत शाबूत आहे. बोलण्याचा सिग्नल सुमारे 2,400 हर्ट्झ रुंदीत पसरतो, मोर्सचा शे-दीडशे हर्ट्झमध्ये मावतो. तीच शक्ती अरुंद पट्टीत एकवटते आणि गोंगाटातून वर येते. मानवी कानालाही एक स्वर ओळखणे सोपे जाते. शब्द विरघळले तरी शिटी ऐकू येत राहते. 14.060 आणि 7.030 मेगाहर्ट्झ या कमी शक्तीवाल्यांच्या ठरलेल्या भेटीच्या जागा आहेत. तिथे कोणी 'सीक्यू' म्हणजे 'कोणीही या' असे हळू वेगात वाजवत असेल तर त्याच्याकडेही बहुधा पाचच वॅट आहेत असे समजावे. एका वॅटमागे किती मैल, यावरही बक्षिसे आहेत. अमेरिकेतली एक क्यूआरपी संघटना वॅटमागे 1,000 मैल गाठणाऱ्याला प्रमाणपत्र देते. हैदराबाद ते लंडन अंतर सुमारे 7,700 किलोमीटर, म्हणजे जवळपास 4,800 मैल. 4 वॅटवर लंडन मिळाले की हिशेब 1,200 मैलांवर जातो आणि प्रमाणपत्र मागता येते.

संगणकाने या कानाला मागे टाकले. नोबेल पारितोषिकविजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये 'एफटी8' नावाची पद्धत दिली. त्यात ठरीव 15 सेकंदांच्या खेपांत फक्त कॉलसाइन, ठिकाण आणि सिग्नलचा जोर एवढेच जाते. माणसाला काहीही ऐकू येत नसताना पडद्यावर अक्षरे उमटतात. टेलर यांच्याच आधीच्या 'विस्पर' पद्धतीत पाव वॅटाहून कमी शक्तीचे संकेतही खंड ओलांडताना नोंदवले जातात. जुन्या मंडळींना यात गप्पा नाहीत ही खंत असते, आणि ती रास्तही आहे: एफटी8 वर पावसाची चौकशी करता येत नाही.

परवान्याच्या अटीत तिसऱ्याचा निरोप आपत्तीत चालतो, आणि तो अपवाद सोमाजीगुड्याच्या संस्थेच्या वाट्याला जोरकसपणे आला. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली संस्थेची तुकडी अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी मोहिमेसाठी गेली होती. त्या बेटांवरून हॅम प्रसारण होऊन बरीच वर्षे लोटली होती, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांचा सिग्नल पकडायला टपलेले होते. 26 डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी. फोन बंद पडले. मोहिमेचे तेच संच हॉटेलच्या आवारात पुन्हा उभे करण्यात आले आणि खेळाचा सिग्नल निरोपांचा झाला: कोण सुखरूप आहे, कोणाला काय लागते. वारंवारता मोकळी ठेवण्यासाठी मुख्य भूमीवरचे हॅम गप्प बसले आणि आपापल्या गावाचे निरोप उतरवून घेऊ लागले. 2001 मध्ये भूजच्या भूकंपानंतरही हॅमनी असेच काम केले होते.

प्रत्येक संभाषणाची वहीत नोंद होते आणि वेळ लिहिली जाते जागतिक घड्याळाची, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून पहाटे पाचला हैदराबादहून केलेला संपर्क वहीत आदल्या तारखेच्या रात्री 23:30 चा असतो. नवशिके यात हटकून चुकतात, आणि चुकीच्या तारखेमुळे समोरच्याच्या वहीशी नोंद जुळत नाही. जुळली तर क्यूएसएल कार्ड येते: पोस्टकार्डाएवढे, एका बाजूला त्या गावाचे चित्र किंवा हॅमचा संच, दुसऱ्या बाजूला कॉलसाइन, तारीख, वारंवारता, सिग्नलचा अहवाल. संघटनांच्या टपाल विभागामार्फत गठ्ठ्याने फिरणारी ही कार्डे पोहोचायला महिने, कधी वर्षेही लागतात. कमी शक्तीचा हॅम कार्ड उलटून आधी एकच रकाना पाहतो, समोरच्याने आपल्याकडची शक्ती किती लिहिली आहे तो. तिथेही 5 असेल तर कार्ड भिंतीवर लागते.